बेरीज

अमरावती मागे टाकून मोर्शीच्या रस्त्याला लागले, की काही अंतरानंतर कपाशीची व तुरीची शेते विरळ होत जातात आणि दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा दिसू लागतात. उत्तरेस सातपुड्याची निळसर रेघ. पूर्वेस वर्धा नदी आणि तिच्यावर सिंभोऱ्याजवळ बांधलेले ऊर्ध्व वर्धा धरण. या दोहोंच्या मधल्या काळ्या जमिनीत हे झाड असे काही रुजले आहे, की येथे एखाद्याच्या संपन्नतेची चौकशी करावयाची झाली, तर लोक एकर विचारीत नाहीत, झाडे विचारतात. ‘हजार झाडांचा धनी’ एवढे म्हटले, की पुढे काही सांगावे लागत नाही.

या मापाने पाहिले, तर त्या मुलाचे घर मध्यमातही मोडत नव्हते. तीन एकरांत जेमतेम तीनशे झाडे, एक विहीर, आणि घराच्या देवळीत ठेवलेली लाल कापडी बांधणीची एक वही. ती वही वडिलांची. खताची गोणी आणली, फवारणी केली, मजुरांचा आठवड्याचा चुकारा दिला, की वडील रात्री कंदिलाच्या, आणि पुढे विजेच्या, उजेडात ती उघडीत आणि वळणदार अक्षरात आकडा टिपून ठेवीत. बहार विकला गेला, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली रक्कम तेवढ्याच निमूटपणे मांडीत. मात्र वीस वर्षांच्या त्या वहीत एकाही पानाच्या तळाशी बेरीज नव्हती.

बारावीच्या सुटीत मुलाने ती केली. कुणी सांगितले नव्हते. सहज हाती घेतलेली वही तीन दिवस त्याच्या हातून सुटली नाही. मागल्या पाच सालांपैकी दोन सालांत बागेवर झालेला खर्च बागेच्या उत्पन्नाहून अधिक होता, आणि उरलेल्या तिहींत जे शिल्लक राहिले, त्यात घरच्या माणसांच्या राबण्याचा एक पैसाही धरलेला नव्हता. त्याने तो कागद वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी त्याच्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि म्हटले, “बेरीज कायले करतं रे? बेरीज केल्यानं संत्रा वाढते काय?”

या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते. परंतु हुशार मुलाने विज्ञानाकडेच जावे, हा गावाचा आग्रह मोडून त्याने २०१८ साली मोर्शीतच वाणिज्य शाखेत नाव घातले, ते या प्रश्नापायी. वाणिज्य म्हणजे ज्याला दुसरे काही जमत नाही, त्याने घ्यावयाचा विषय, अशी एक समजूत आपल्या तालुक्यांच्या गावी फार दिवस ठाण मांडून बसली आहे. ज्या मुलखाचे सारे सुखदुःख एका फळाच्या विक्रीवर अवलंबून, तेथेच विक्रीच्या विद्येची ही उपेक्षा व्हावी, हे नवल म्हटले पाहिजे.

महाविद्यालयात हिशेबशास्त्र शिकविणारे एक जुन्या वळणाचे प्राध्यापक होते. ते मराठीतून शिकवीत आणि मराठी संज्ञा सोडून देण्यास राजी नसत. रोजचा व्यवहार ज्या वहीत घडेल तसा लिहावयाचा ती कीर्द. तेथून प्रत्येक खात्याच्या नावे तो वेगळा काढावयाचा ती खतावणी. सर्व खात्यांच्या बाकी एकत्र मांडून दोन्ही बाजू जुळतात की नाही हे पाहावयाचे ती तेरीज. आणि वर्षअखेर देणे किती, मालमत्ता किती, हे ज्यात दिसते तो ताळेबंद. ‘पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द सापडते,’ ते सांगत, ‘तेव्हा हे शास्त्र काल-परवा आगबोटीतून उतरले, असे समजू नका.’ मुलाला या शब्दांची गोडी लागली. वडिलांची वही म्हणजे अर्धी कीर्द होती, हे त्याला उमगले. तिची खतावणी कधी झालीच नाही, एवढेच काय ते उणे होते.

त्याच प्राध्यापकांनी त्याला पुढची वाट दाखविली. वस्तुतः ही वाट फार जुनी नाही. मुंबईस सिडनॅम महाविद्यालय १९१३ साली निघाले, तेव्हा वाणिज्याची पदवी देणारे दुसरे महाविद्यालय देशात नव्हते. पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. नागपूरचे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय १९४५ चे. पूर्वी वऱ्हाडच्या मुलाने ही विद्या शिकावी म्हटले, तर त्याला दूर जावे लागे. अमरावतीला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तेही १९८३ साली. पुढे त्याला गाडगेबाबांचे नाव दिले गेले. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही आणि हयातभर लोकांना ‘मुलांना शाळेत घाला’ म्हणून विनविले, त्या पुरुषाचे नाव या भागातील प्रत्येक पदवीपत्रावर असावे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे.

प्राध्यापकांनी सांगितलेली संस्था मुंबई विद्यापीठाची होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने १९६५ साली स्थापन झालेली ही व्यवस्थापनशास्त्राची संस्था चर्चगेटजवळ आहे, आणि तिला नाव आहे जमनालाल बजाज यांचे. वर्ध्याचे हे व्यापारी. गांधीजींना वर्ध्यास आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ज्या नदीचे पाणी आपल्या बागेला मिळते, तिचेच नाव धारण करणाऱ्या गावच्या माणसाच्या नावाची शाळा मुंबईत समुद्राकाठी आहे, ही गोष्ट मुलाला उगाच आपलीशी वाटली. तथापि आपलेपणाने प्रवेश मिळत नाही. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गात जागा एकशे वीस. त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा द्यावयाची : दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न. विचार करण्यास उसंत नाही. प्रश्न दिसताक्षणी त्याची जात ओळखता आली पाहिजे. आणि या संस्थेत शिरावयाचे, तर हजार परीक्षार्थींत पहिल्या एक-दोघांत बसावे लागते.

पदवीच्या मध्यावरच एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे आपल्याकडे पूर्वीपासून जिकिरीचे. २०२१ साली श्रेयांक साठविण्याची राष्ट्रीय सोय झाली, ती पुढच्यांच्या कामी येईल. त्याला मात्र पदवी पुरी करूनच उडी घ्यावयाची होती, आणि त्या तीन वर्षांतले दीड वर्ष महामारीने खाल्ले. वर्ग भ्रमणध्वनीवर भरत. घरात संकेत क्षीण, म्हणून तो विहिरीच्या कठड्यावर बसून ऐके. २०२१ साली त्याने परीक्षा दिली आणि तो पुष्कळ अंतराने हुकला.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले, ते शांतपणे झाले, म्हणूनच जड गेले. मिळालेल्या गुणांवर अमरावतीस किंवा नागपुरास कोठेतरी प्रवेश सहज मिळाला असता. आईचे म्हणणे, हाताशी आले आहे ते घ्यावे. त्या पावसाळ्यात बागेत फळगळ झाली होती. झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला. अशा साली आणखी एक वर्ष कमाईवाचून घालविणे म्हणजे मस्ती, असे एका नातेवाइकाने बोलूनही दाखविले. वडील काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “एक साल राहू दे त्याले. पन बागेतलं काम कराव लागीन.”

अशा रीतीने ते वर्ष सुरू झाले. पहाटे दोन तास आणि रात्री चार तास अभ्यास, दिवसा बाग. डिसेंबर लागला तसे वडिलांनी आंबिया बहारासाठी झाडांना ताण दिला, म्हणजे पाणी तोडले. महिनाभर, जमीन भारी असेल तर त्याहूनही अधिक, झाडाला पाणी द्यावयाचे नाही. पाने मलूल होतात, वळतात, काही गळतात. मग पाणी सोडले, की जानेवारीअखेर झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. यात सारी कसोटी दिवस मोजण्याची. “ताण कमी पडला तं नुसती पालवी फुटते, फूल येत नाही,” वडील सांगत, “अन् जास्त झाला तं झाडच बसते.” किती दिवस, हे कोठल्या पुस्तकात दिलेले नसते, वडील रोज सकाळी पान बोटांत धरून पाहत आणि ठरवीत. मुलगा शेजारी उभा राहून ते पाही. आपल्या बापाच्या वहीत बेरीज नसली, तरी बोटांत ती आहे, हे त्याला त्या हिवाळ्यात प्रथम दिसले.

इंग्रजी ही त्याची खरी अडचण होती. गणित व तर्क यांत तो मागे नव्हता. परंतु प्रश्न वाचून समजण्यातच अर्धा वेळ जाई. त्याने इंग्रजी वर्तमानपत्रातले बाजारपेठेचे पान रोज मोठ्याने वाचण्याचा परिपाठ ठेवला. झाडे ऐकत. एकदा शेजारच्या बागेतला गडी हे ऐकून थबकला आणि ‘पोट्टं मंतर म्हन्ते’ अशी वार्ता त्याने गावात पोहोचविली. पुढे कित्येक दिवस या मंत्रांवरून त्याची थट्टा होई.

२०२२ च्या परीक्षेत तो बसला आणि यादीत त्याचे नाव आले. मोर्शीच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले, फलकावर नाव लिहिले गेले. ते सारे दोन दिवसांत आटोपले. पुढचे आटोपण्यासारखे नव्हते. शुल्कासाठी कर्ज काढणे आले. वडील सातबारा उतारा घेऊन पेढीत गेले, तेव्हा त्यांना कळले, की शेतजमीन अशा कर्जाला तारण म्हणून बहुधा धरीत नाहीत. ज्या जमिनीवर आपली सारी पत, ती येथे कागदावर काहीच नाही, हे ऐकून त्यांना राग आला नाही, हसू आले. अखेर नात्यातील एका शिक्षकाने जामीन राहण्याचे मान्य केले आणि काम झाले.

दुसरे काम अमरावतीस, विद्यापीठात. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. मार्डी मार्गावरील कार्यालयातून ते घेऊन मुलगा घरी आला. वडिलांनी ते दिव्याजवळ नेऊन अक्षर न् अक्षर वाचले. धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात दुरून पाखरे येतात, त्यांच्या संबंधात हा शब्द त्यांनी ऐकला होता. कागद घडी करून परत देत ते म्हणाले, “हा तं गाव सोडाचा कागद हाय.” आई आत स्वयंपाक करीत होती. तिने ऐकले असावे. कारण बराच वेळ भांड्यांचा आवाज थांबला होता.

अमरावतीहून सायंकाळी सुटणारी गाडी रात्रभर धावून सकाळी मुंबईस पोहोचते. निघताना वडील फलाटावर आले. गाडी हलली तेव्हा एवढेच म्हणाले, “हिशेबानं राहजो.”

मुंबईतले पहिले चार महिने तो वर्गात बोललाच नाही. सोबती बहुतेक मोठ्या शहरांतले. काही अभियंते, काही दोन-तीन वर्षे नोकरी केलेले. त्यांना जे ठाऊक होते, ते त्यालाही ठाऊक होते; पण वेगळ्या नावांनी. प्राध्यापक ‘जर्नल’ म्हणत, तो मनात कीर्द म्हणे; ‘लेजर’ म्हणत, तो खतावणी म्हणे; ‘ट्रायल बॅलन्स’ ऐकले, की तेरीज. हा उलथापालथीचा उद्योग संपेपर्यंत वर्ग पुढच्या प्रश्नावर गेलेला असे. आपण अडाणी ठरू या धास्तीने तो हात वर करीत नसे, आणि हात वर करीत नाही म्हणून इतर त्याला अडाणी समजत. या दुष्टचक्रात तालुक्याहून मोठ्या विद्यापीठात गेलेली किती मुले सापडतात, याची गणती कुणी केलेली नाही.

एके दिवशी नाशवंत मालाच्या किमतीचा विषय निघाला. भाजीपाला घरपोच देणाऱ्या कंपन्यांची उदाहरणे झाली, तक्ते झाले. “प्रत्यक्ष शेतात किंमत कशी ठरते?” प्राध्यापकांनी विचारले. वर्ग गप्प राहिला. मुलाचा हात आपोआप वर गेला.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितले. फळ अजून हिरवे असते. व्यापारी बागेतून एक फेरी मारतो, झाडे नजरेने जोखतो आणि सबंध बहाराची उक्ती किंमत सांगतो. तोडणी, भरणी, वाहतूक सारे त्याचे. बागाईतदाराला ठाऊक असते, की थांबले तर भाव अधिक मिळेल; परंतु मधल्या काळात फळगळ होईल, गारा पडतील, बाजार कोसळेल. म्हणून तो हो म्हणतो. “तो फळ विकत नाही,” मुलगा म्हणाला, “तो भीती विकतो. आणि भीती नेहमी स्वस्तात जाते.”

प्राध्यापक फळ्याकडे वळले होते, ते थांबले. त्यांनी प्रसन्नपणे मान डोलावली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला : “मग ती भीती विकत घेणारा कोठे जातो? त्याचे नुकसान झालेले तुम्ही पाहिले आहे काय?” मुलगा उत्तर देऊ शकला नाही. लहानपणापासून त्याने व्यापारी म्हणजे लुबाडणारा, एवढेच ऐकले होते. त्याची खतावणी कशी असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. वर्गातल्या सोबत्यांनी त्या दिवसापासून त्याला ओळख दिली. परंतु त्याच्या ध्यानात राहिली ती शाबासकी नव्हे, ते न दिलेले उत्तर.

२०२३ च्या दिवाळीस तो मोर्शीस आला, तेव्हा बाजार पडलेला होता. विदर्भाच्या संत्र्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्या देशाने २०१९ पासून आयातशुल्क वर्षागणिक चढवीत नेले आणि २०२३ साली ते किलोमागे अठ्ठ्याऐंशी टक्यांवर गेले. टका हे तेथले नाणे. फळाच्या किमतीहून शुल्क जड झाल्यावर गाड्या तिकडे जाणार कशा? तो माल देशातल्याच बाजारांत ओतला गेला आणि मोर्शी-वरुडच्या बागांतून भाव उतरले. ढाक्यातल्या एका निर्णयाने मोर्शीच्या घरातली दिवाळी फिकी व्हावी, हे वाणिज्याच्या पुस्तकात वाचणे निराळे आणि आईने या वर्षी नवे लुगडे घेतले नाही हे पाहणे निराळे.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीचे व्यापारी बागेत आले. पंधरा वर्षांचा घरोबा. वडील त्यांना दादा म्हणत. त्यांनी फेरी मारली आणि गतवर्षीपेक्षा पुष्कळ खालचा आकडा सांगितला. वडिलांनी मुलाकडे पाहिले. “आता तूच बोल.”

सारे कुटुंब, शेजारचे दोघे, बांधावरचा गडी, सगळे ऐकत होते. मुलगा आता व्यापाऱ्यास चार शहाणपणाच्या गोष्टी सुनावील, अशी अपेक्षा तेथे स्पष्ट दिसत होती. तो म्हणाला, “दादा, तुमाले एका गाडीमागं खर्च किती येते, थो सांगा. मी लिहून घेतो.”

व्यापारी प्रथम हसले. मग, कुणी कधी न विचारलेले विचारले म्हणून असेल, ते झाडाखाली बसले आणि सांगू लागले. तोडणीची मजुरी, पेट्या, गवत, गाडीभाडे, वाटेत सडणारा माल, दलाली, उधारीवर अडकलेले पैसे. मागल्या साली सीमेवर दोन गाड्या थांबून राहिल्या, त्यांचे नुकसान सांगताना त्यांचा आवाज खाली आला. मुलाने लाल वहीचे एक कोरे पान उघडले होते. वीस वर्षांच्या त्या कीर्दीत व्यापाऱ्याचा खर्च प्रथमच लिहिला जात होता. तासाभराने तेरीज झाली. व्यापाऱ्याने सांगितलेला भाव अगदीच अन्यायाचा नव्हता; परंतु अगदी शेवटचाही नव्हता. मधे जे अंतर होते, ते मुलाने बोटाने दाखविले. व्यापाऱ्यांनी चष्मा पुसून आकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, “दोन दिवसांनी येतो. विचार करतो.”

सौदा त्या दिवशी झाला नाही. दोन दिवसांनी तो झाला, तेव्हा दाखविलेल्या अंतरातले अर्धे पदरात पडले. तेवढ्याने वर्ष काही तरले नाही. कर्जाचा हप्ता तसाच उभा होता, आणि ढाक्याचे शुल्कही. शिवाय मुंबईस परत गेल्यावर नोकरीच्या मुलाखती व्हावयाच्या होत्या. त्यांत मोर्शीचे नाव कोठेच नव्हते, आणि ही गोष्ट घरात सर्वांना माहीत असून कुणी काढीत नव्हते.

व्यापारी गेले त्या पहिल्याच रात्री मात्र जेवणे झाल्यावर वडील देवळीपाशी गेले. लाल वहीच्या मागे आणखी दोन वह्या होत्या. एक आजोबांच्या हातची, पाने पिवळी पडलेली. त्यांनी तिन्ही वह्या आणून मुलापुढे ठेवल्या आणि दिवा जरा जवळ सरकविला.

“जाशीन तोवर,” ते म्हणाले, “मांगच्या साऱ्या सालाईची बेरीज करून ठेवजो.”